जोडीतला एक गिनी पिग गेला, दुसरा मशीनखालून बाहेर येत नाही

दोरासुई_सांगली (गुरुवार, रात्री ११.४०)

इथे कुत्र्या-मांजरांचेच प्रश्न जास्त दिसतात, तरी विचारते.

मी गावभागात राहते. घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. माझ्या कटिंगच्या टेबलाखाली चार वर्षांच्या वर दोन गिनी पिग राहत होते. दोघंही नर, एकाच दिवशी आणलेले. एक पिवळसर केशरी, तो हळकुंड. दुसरा पांढरा, अंगभर तपकिरी ठिपके आणि मधेच एखादा काळा, म्हणून भडंग. नावं मुलानं ठेवली. हट्ट करून आणले त्यानं आणि कॉलेजला पुण्याला निघून गेला. उरले माझ्याकडे. २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी गल्लीत आलं तेव्हा आधी मशीनचं मुंडकं काढून माळ्यावर टाकलं, मग या दोघांना भाजीच्या क्रेटमध्ये घालून विश्रामबागला बहिणीकडे पोचवलं. आमचे हे अजून ऐकवतात, "आमचा नंबर तिसरा होता."

सोमवारी हळकुंड गेला. शनिवारी त्यानं कोथिंबिरीची देठं तशीच ठेवली होती. रविवारी अंग फुगवून, पाठ वाकवून कोपऱ्यात बसला. मला दिसलं होतं. पण संध्याकाळच्या हळदीचे तीन ब्लाऊज द्यायचे होते, एकाला तर हुकसुद्धा लावायचे राहिले होते, आणि रविवारी दवाखाना बंद. उद्या बघू म्हटलं. सोमवारी रिक्षात बसले तेव्हा मांडीवर ऊब होती. कॉलेज कॉर्नर येईपर्यंत नव्हती.

यांनी त्याला स्कूटरवरून हरिपूरला दिरांच्या मळ्यात नेलं, शेवग्याखाली पुरलं. आल्यावर म्हणाले, "हळकुंड हरिपूरच्या पेवात ठेवून आलो." (बाहेरगावच्यांसाठी: हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे.) मला हसू आलं, मग हसू आल्याचाच राग आला.

आता भडंगचं. घरी आल्या आल्या जाऊबाईंच्या सांगण्यावरून मी टेबलाखालचं सगळं फिनेलनं धुऊन काढलं. अंथरलेले कपडे भिजत घातले, लाकडी खोका उन्हात टाकला. म्हणजे हळकुंड सकाळी पिशवीतून गेला आणि दुपारपर्यंत त्याचा वासही गेला. भडंगला काहीच दाखवलं नाही. तेव्हापासून तो मशीनच्या पायट्यामागे जाऊन बसतो. ती जागा हळकुंडची होती. भडंग तिथे कधी जात नसे, गेला तर हळकुंड हाकलून द्यायचा. आधी फ्रिज उघडला किंवा पिशवी वाजली की दोघं शीळ घालून घर डोक्यावर घ्यायचे. चार दिवसांत एकदाही शीळ नाही.

गवत थोडं खातो, काकडी हुंगून सोडून देतो. भाजीच्या काट्यावर टोपलीत ठेवून वजन केलं. मंगळवारी ९३२ ग्रॅम भरला, आज ८९४.

विचारायचं हे, की त्याला दाखवायला हवं होतं का? खायला कसं घालू? आणि दुसरा आणायचा का? लोक म्हणतात दुकानातून एक आणून सोड, विसरेल. काल रात्री काम नव्हतं तरी मी मशीन चालवलं, दोरा न ओवता. आवाज ऐकून तरी बाहेर येतो का बघायला. नाही आला.

कासची_वाट (शुक्रवार, सकाळी ७.०५)

ताई, मी साताऱ्याची. आमच्याकडे आत्तापर्यंत सहा होऊन गेले, सध्या दोन माद्या आणि एक नर आहे, त्याचं पुढे सांगते.

आधी खाण्याचं, कारण बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही. यांचं आतडं सतत चालू लागतं. पूर्ण १२ तास काहीच खाल्लं नाही तर दवाखाना, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. तुमचा थोडं खातोय आणि ३८ ग्रॅम उतरलाय, म्हणजे अजून हातात आहे. पण काटा रोज, एकाच वेळी, सकाळी खायच्या आधी. आणि लेंड्या बघा. बारीक, कोरड्या, कमी झाल्या तर पोट मंदावलं समजायचं. मी तर मोजते. नवरा म्हणतो, बँकेत असतीस तर मॅनेजर झाली असतीस.

गोळीखाद्य देत असाल तर कोमट पाण्यात भिजवून लापशी करा आणि सुई नसलेल्या सिरिंजनं द्या. समोरून नाही, गालाच्या बाजूनं, पुढच्या दातांच्या मागे. एका वेळी अगदी थोडं, चावून गिळू द्यायचं, मग पुढचं. उताणा धरायचा नाही, ठसका लागतो. ढोबळी मिरची रोज एक फोड तरी जाऊ दे. माणसासारखंच यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, बाहेरून मिळालं नाही तर हिरड्या-सांधे धरतात, आणि न खाणारा जीव त्यात आधी सापडतो. काकडीत नुसतं पाणी.

दाखवण्याबद्दल. मी दोनदा दोन तऱ्हांनी केलंय. पहिली मादी गेली तेव्हा तिला तासभर तिथेच ठेवलं. दुसरीनं हुंगलं, अंगावरून चढून गेली, कान चावून बघितला (मी रडत होते) आणि मग शांतपणे गवत खायला लागली. त्यानंतर शोधाशोध नाही. दुसऱ्या वेळी रात्रीच उचललं, तर उरलेली आठवडाभर प्रत्येक खोक्यात तोंड घालून बघत होती. दोन अनुभवांवरून नियम काढत नाही. तुम्ही नाही दाखवलं, ठीक आहे. पण त्याच्या वासाचं, न धुतलेलं काही राहिलंय का शोधा. असेल तर त्याच्याजवळ ठेवा.

रोखठोक_मिरज (शुक्रवार, सकाळी ९.२०)

बिनशेपटीच्या उंदरासाठी एवढं पुराण? पेरू देशात लोक हे भाजून खातात. आमची म्हैस गेली तेव्हा कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत.

दोरासुई_सांगली (शुक्रवार, सकाळी १०.१५)

म्हशीबद्दल वाईट वाटलं, खरंच. तुम्ही लिहिलं असतं तर मी दोन ओळी लिहिल्या असत्या.

कासताई, सकाळी ८८९. लापशी दिली, निम्मी माझ्या गाऊनवर गेली, निम्मी पोटात. लेंड्या मोजल्या. आमचे हे बघत उभे होते, काही बोलले नाहीत.

शिरवळ_शेवटचं_वर्ष (शुक्रवार, दुपारी २.३०)

ताई, मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. डॉक्टर अजून झालो नाही, त्यामुळे इथून निदान करणार नाही. पण भडंगच्या दुःखाआधी एक प्रश्न सोडवायला हवा, की हळकुंड कशानं गेला? कारण जे त्याला झालं ते भडंगलाही होऊ शकतं, आणि 'जोडीदार गेला म्हणून खात नाही' असं धरून चाललो तर दुखणं निसटतं. हे मूळचे शिकार होणारे प्राणी, दुखणं लपवतात. आपल्याला दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. रविवार मध्ये आला नसता तरी कदाचित हेच झालं असतं.

सांगा: नाकातून पाणी, शिंका, श्वासाचा आवाज होता का? असेल तर ते लागट असू शकतं, मग फिनेलनं धुतलंत ते बरंच केलंत, आणि वासाचं कापड वगैरे विसरा. (पुढच्या वेळी फिनेल नको मात्र, इतक्या लहान फुप्फुसांना तो वास जड जातो. साधा साबण, गरम पाणी, ऊन.) दुसरं, लघवी करताना कण्हायचा का? लालसर लघवी? वाळल्यावर कपड्यावर पांढरी, बोटाला खरखरीत लागणारी भुकटी? आणि रोजचं गवत कोणतं?

अजून एक. घरात कुत्र्याचं किंवा माणसाचं उरलेलं अँटिबायोटिक असेल तर हात लावू नका. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली तर यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, आणि त्यानंच प्राणी दगावतो.

दोरासुई_सांगली (शुक्रवार, दुपारी ४.१०)

शिंका नाहीत. नाक कोरडं.

बाकीचं वाचून मी मशीन सोडून उठले.

मी यांच्या खाली काळ्या अस्तराचे तुकडे अंथरते. ब्लाऊजचं अस्तर बेततेवेळी उरतात ते, दुहेरी करून मध्ये जुनी चादर. गेले दोन-तीन महिने त्या तुकड्यांवर पांढरे डाग यायचे, वाळले की भुकटी. मला वाटायचं माझाच खडू सांडतोय. टेबल वर, ते खाली, मापाच्या खुणा करताना खडूची पूड पडतेच. मी तुकडे गॅलरीत नेऊन झटकत होते. एकदा तर खडू बदलला, ही कंपनी फार भुसभुशीत म्हणून. खडू बोटाला मऊ लागतो. हे बोटाला वाळूसारखं लागायचं. तीस वर्षं खडू हातात आहे आणि मला ते कळू नये.

लघवी एकदा लालसर दिसली होती. आदल्या दिवशी बीट दिलं होतं, त्याचं वाटलं.

गवत म्हणाल तर लसूणघास. दीर हरिपूरहून रोज ताजी पेंडी पाठवायचे. हळकुंड त्यावर तुटून पडायचा. भडंग त्यातलं कमी खायचा, त्याला मक्याचा पाला आवडतो.

शिरवळ_शेवटचं_वर्ष (शुक्रवार, सायंकाळी ६.४५)

आता तरी एवढंच म्हणतो, की मूत्राशयात खडा असण्याची शक्यता बरीच आहे. खात्री एक्स-रेनंच झाली असती. यांचे खडे बहुतेक कॅल्शियमचे असतात, त्यामुळे एक्स-रेत पांढरे दिसतात. थोडा पांढरा डाग सगळ्याच गिनी पिगच्या लघवीचा पडतो, कारण जास्तीचं कॅल्शियम ते लघवीतूनच टाकतात. म्हणून तर चांगल्या चांगल्यांचा अंदाज चुकतो. खरखरीत झालं की काळजी.

लसूणघासात कॅल्शियम भरपूर. वाढत्या पिल्लांना, गाभण मादीला ठीक, मोठ्या नराला रोजचं अन्न म्हणून नको. पण तुमच्यामुळेच खडा झाला असं धरू नका. पाणी कमी पिणं, अंगातली प्रवृत्ती, बरीच कारणं असतात. एकाच पेंडीतून खाणाऱ्या दोघांत एकाला होतं, एकाला नाही.

भडंगचा एक्स-रे काढून घ्या. मिरजेत सोय होईल, मात्र आधी फोन करून 'गिनी पिग बघता का' हे स्पष्ट विचारा. लसूणघास बंद. गवताची मुख्य भूक साध्या गवतावर भागवा: हरळी, गिनी गवत, वाळलेलं कोणतंही बारीक गवत. दात आयुष्यभर वाढत असतात, ते झिजायलाही हेच लागतं. पाण्याची एक बाटली जास्तीची टांगा.

रोखठोक_मिरज (शुक्रवार, सायंकाळी ७.३०)

ओला लसूणघास उपाशीपोटी म्हशीलाही घालत नाही. फुगते. आणि दूर्वा घ्याल तर देवळाबाहेरच्या घेऊ नका, कुठल्या बांधावरच्या, फवारणी केलेल्या का, काही कळत नाही. गिनी गवत कुठल्याही दूधवाल्याकडे मिळेल.

कासची_वाट (शनिवार, सकाळी ६.५०)

गिनी गवतावरून आठवलं. मी पहिल्यांदा वैरणवाल्याकडे गेले आणि म्हटलं, "गिनी पिगला गिनी गवत द्या." त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. गवत आफ्रिकेतलं आणि हे महाशय दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातले. गिनीशी संबंध नाही, डुकराशी तर नाहीच.

ताई, खडूचं वाचून काल रात्रभर माझ्या डोक्यात तेच होतं. उठून आमच्या तिघांचे कपडे बॅटरीनं बघितले.

दुसरा आणण्याबद्दल. दुकानातून घाईनं नको. दुकानदार नर म्हणून मादी देतात, माझ्या बाबतीत झालंय. 'दोन नर' आणले आणि दोन महिन्यांनी सकाळी खोक्यात चार पिल्लं, डोळे उघडे, अंगावर केस, पळत होती. आणि पिल्लू आणलं तर भडंग जाईल तेव्हा ते ऐन उमेदीत एकटं पडेल, म्हणजे तुम्ही पुन्हा इथेच येणार. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून एकटा गिनी पिग पाळायला कायद्यानं मनाई आहे, आणि अशा मागे उरलेल्यांसाठी तिथे सोबतीचा गिनी पिग भाड्यानं मिळतो म्हणतात. मला ते मुळीच हास्यास्पद वाटत नाही.

आता आमच्या नराचं. तीन वर्षांचा आहे, दुसऱ्या घरातून आलेला, ते लोक परदेशी गेले. माझ्या माद्यांमध्ये सोडता येत नाही. माझ्या माद्यांना पिल्लं झालेली नाहीत, आणि वय वाढल्यावर पहिलं बाळंतपण त्यांच्या जिवावर बेततं, ओटीपोटाखालची पुढची हाडं जुळून येतात, वाट सुटत नाही. त्यामुळे तो जाळीच्या पलीकडे एकटा, दिवसभर त्यांच्याकडे बघत. स्वभावानं गरीब आहे. दोन नर पटतीलच असं नाही. पण तुमचा चार वर्षं नराबरोबरच राहिलाय आणि तुमच्या लिहिण्यावरून हुकूम हळकुंडचा चालायचा. दबून राहिलेल्याला नवा सोबती स्वीकारणं जरा सोपं जातं, असा माझा अंदाज.

शिरवळ_शेवटचं_वर्ष (शनिवार, सकाळी ८.१५)

द्यायचा ठरला तर आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत. मग दोघांनाही नवी अशी जागा, म्हणजे टेबलाखाली नाही. मोठी मोकळी फरशी, गवताचे दोन ढीग, दोन खोके, आणि खोक्यांना दोन-दोन दारं, म्हणजे कुणी आत कोंडला जाणार नाही. गुरगुरत, मागचा भाग डोलवत फिरणं, पाठीवर चढणं, हे सगळं चालायचं. दात कडकड वाजवत राहिले तर सावध. रक्त दिसलं तर संपलं, वेगळे करा. हात मध्ये घालू नका, टॉवेल टाका.

पण आधी एक्स-रे.

दोरासुई_सांगली (बुधवार, रात्री १०.५५)

एक्स-रे काढला. खडा नाही. थोडा गाळ आहे म्हणाले, पाणी वाढवा, लसूणघास नको. डॉक्टर भले होते, म्हणाले, "मी म्हशी-कुत्री बघतो, हे माझ्याकडे वर्षातून एखादं येतं," आणि माझ्यासमोर फोन करून दुसऱ्यांना विचारलं. मला ते आवडलं. दिरांना सांगितलं, पेंडी नको. त्यांना वाईट वाटलं. मी खडूचं काही सांगितलं नाही.

वजन: शनिवारी ८८१, रविवारी ८८४, सोमवारी ८८४, काल ८९६, आज ९०३.

न धुतलेलं काही सापडत नव्हतं. सगळंच मी धुतलं होतं. काल मशीनला तेल घालायला पायट्यामागे हात घातला तर तिथे, मोटारीच्या वायरीला अडकून, काळ्या अस्तराचा एक तुकडा. हातभर. ब्लाऊजच्या बाहीचा असावा, एका कडेला माझी खडूची रेघही होती. आणि त्यावर ते दुसरं पांढरं. म्हणजे भडंग तिथे का जाऊन बसत होता ते कळलं. मी विचार करत होते की जागा हळकुंडची म्हणून बसतो, तर खरं तिथे तेवढंच उरलं होतं.

झटकायला उचलला होता. नाही झटकला. तसाच खोक्यात ठेवला. भडंग दोन-तीनदा त्यावरून गोल फिरला आणि मग त्यावरच बसून ढोबळी मिरची खाल्ली. शीळ अजून नाही. पण आज मी नारायण पेठ साडीला पिको करत होते तेव्हा मशीनच्या आवाजाला पायाशी येऊन बसला, टाचेला नाक लावून. साडीवर केस गेले, गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते बघू.

कासताई, यांच्याशी बोलले. म्हणाले, "आण. पण नाव मी ठेवणार." साताऱ्याचा म्हणून कंदी ठेवायचं म्हणतात, पेढ्यावरून. तीन आठवडे त्याला स्वयंपाकघरात ठेवते, ओट्याखाली जागा केलीय, गॅसचं सिलिंडर सरकवलं. आम्ही साताऱ्यापर्यंत येऊ शकतो, पण रविवारी परत येऊन मला दोन ब्लाऊज... नाही, ब्लाऊज राहू देत. कराड तुम्हालाही मध्ये पडेल का? क्रेट मी आणते. तेच आहे, पुरातलं.